पत्र्याखालचा ससा

मैत्रिणींनो, घाईतच लिहिते.

पुंडलिकनगरात घरामागं मी सहा ससे पाळलेत. मटणासाठी, आणि लेंड्यांचं खत वांग्यांना होतं. आज दुपारी लाईट गेली अन् पिंजऱ्याजवळचा पंखा बंद पडला. पाणी द्यायला गेले, तर मोठा नर आडवा पडून तोंडानं धापा टाकत होता. कान नुसते भाजत होते.

सासरे गार पाण्याची बादली घेऊन धावत आले.

"मामा, ओतू नका! झटक्यानं मरंल. फडकं भिजवून द्या."

मी कान पुसत राहिले. तो डोळासुद्धा हलवेना.

मामा हळूच म्हणाले, "रविवारी कापायचाच हाय ना ह्याला?"

"व्हय. पण असं तडफडून नाय मरू द्यायचं."

ते शेजारी बसले आणि पुठ्ठ्यानं वारा घालू लागले.

अर्ध्या तासानं त्यानं मान उचलली. मग साऱ्यांना न्हाणीत गारव्याला आणलं.

रविवारचा बेत बदललेला नाय. पण तापत्या पत्र्याखाली पिंजरा ठेवला, ही चूक माझीच. तुमच्याकडं ससे असतील तर छपरावर काय टाकता? आजच सांगा, उद्या पण असंच ऊन आहे.