शाळेच्या फाटकाची जागा

त्या गावातल्या हिवाळ्यातल्या सकाळी मला आवाजांनी आठवतात. धुकं इतकं दाट असायचं की खिडकीबाहेर आधी काहीच नसायचं. मग कुठूनतरी म्हशीची साखळी वाजायची, हातपंपाचा खटका ऐकू यायचा, गुरुद्वाऱ्यातला पाठ कापसात गुंडाळून पाठवल्यासारखा हळूहळू पोचायचा. आणि बऱ्याच वेळानं समोरच्या मैदानातलं शिसवीचं झाड दिसू लागायचं, आधी नुसता एक काळसर डाग, मग खोड, मग फांद्या. झाडाखाली माझी स्कूटर. ती दिसली की मी अंथरुणातून उठायचो.

गाव म्हणजे चंदीगडच्या आतलंच गाव. शहर आखलं गेलं तेव्हा गावाची बहुतेक शेती गेली, गावठाण आणि कडेचे थोडे तुकडे तेवढे राहिले. चारही बाजूंना पट्टी लावून ओढलेले रुंद रस्ते आणि मधे या वाकड्यातिकड्या गल्ल्या. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ड्राफ्ट्समन होतो, अकोल्याहून बदली होऊन आलेलो. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी नवी नवरी, तिथं एका शीख म्हाताऱ्याच्या घरात दोन खोल्या घेऊन राहत होतो. सगळं गाव त्याला पापाजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

ते पंजाबातले दहशतीचे दिवस होते. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांमागे शिपाई उभे असायचे. रेडिओवर, बसमध्ये, सिनेमा सुरू व्हायच्या आधी एकच सूचना पुन्हा पुन्हा यायची: बेवारस वस्तूला हात लावू नका, बॉम्ब असू शकतो. डबा, ट्रान्झिस्टर, पिशवी, उभी करून ठेवलेली स्कूटर. बाजारात कुणी पिशवी खाली टेकवली की दुकानदार तिच्यावरची नजर काढत नसे, आणि त्या माणसानं ती उचलली की दोघंही एकमेकांकडे बघून ओशाळं हसत. तरी गावात संध्याकाळी पतंग उडत, गाजराचा हलवा होई, लग्नाचे बाजे वाजत. आज आठवताना मला ते सगळं एकाच मऊ, पिवळट उजेडात दिसतं. तसं ते नव्हतं, हे मला माहीत आहे.

पापाजींची सून, आम्ही तिला भाभी म्हणत असू, वरच्या गच्चीवर गावातल्या मुलींना शिकवायची. नवरा फौजेत, वर्षातून एकदा-दोनदा येणारा. ती माहेरी असताना शिक्षिकेचा कोर्स पास झालेली होती. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं. तिनं ते माझ्या बायकोला दाखवलं होतं, एखादा दागिना दाखवावा तसं. पण नोकरीसाठी बसनं जावं लागणार, आणि त्या दिवसांत बसमधून उतरवून लोकांना मारल्याच्या बातम्या रोजच्या होत्या. पापाजींनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "गावात शाळा झाली तर उद्यापासून शिकव, पुत्तर. मी स्वतः तुझी खुर्ची उचलून नेईन. पण रस्त्यावर पाठवणार नाही."

गावात पाचवीपर्यंतच वर्ग होते. पुढं शिकायचं तर मोठा रस्ता ओलांडून सेक्टरातल्या शाळेत जायचं. मुलगे जात, मुलींना घरी बसवत. त्या वर्षी कळलं की गावाची लेखी संमती असेल तर समोरच्या मैदानात आठवीपर्यंतची शाळा मंजूर होऊ शकते. मैदान गावाच्या सामाईक मालकीचं. भाभी त्या दिवशी जिना उतरून आमच्या दाराशी आली, हातात लोकरीचा गुंडा तसाच.

"वीरजी," मला भाऊ मानून ती असंच म्हणे, "तुम्ही नकाशे काढता ना? आमच्या शाळेचा एक काढून द्या. लोकांना कागदावर दिसलं की पटतं."

मी आनंदानं हो म्हणालो. खरंच आनंदानं. ऑफिसमधून ट्रेसिंगचा कागद आणला आणि एका रविवारी जमिनीवर बसून शाळा काढली. चार खोल्या, पुढं व्हरांडा, कोपऱ्यात हातपंप. भाभीनं व्हरांडा थोडा रुंद करायला सांगितला, पावसात मुलींना उभं राहता यावं म्हणून. मग मी फाटक काढायला घेतलं. गल्लीच्या बाजूनं उताराची जागा सोडून, माणसांना यायला सोपं पडेल अशा ठिकाणी. पेन्सिल टेकवल्यावर लक्षात आलं की ते बरोबर शिसवीच्या झाडापाशी येतंय.

"आता स्कूटर कुठं लावायची?" मी बायकोला म्हणालो.

"लावा कुठंतरी," ती म्हणाली, आणि डाळ निवडत राहिली.

हे आजच्या वाचकाला हास्यास्पद वाटेल. पण ती स्कूटर नंबर लावून कित्येक वर्षांनी मिळालेली होती. वडिलांनी माझ्या कॉलेजच्या वेळी पैसे भरले होते. आमच्या गल्लीत मधोमध गटार आणि दोन पायऱ्या, तिथं ती येत नसे. दुसरी जागा म्हणजे मोठ्या रस्त्याच्या कडेला, दुकानांपाशी. तिथं आमच्यासारख्याच एका भाडेकरूच्या स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडनं फाडली होती. मी ती फाटकी सीट पाहिली होती. ती माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

फाटक दुसऱ्या बाजूला काढता आलं असतं. तिथं उकिरडा होता, तो थोडा हलवावा लागला असता, एवढंच. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. रबरानं एक रेघ खोडायची होती आणि भाभीला म्हणायचं होतं, माझी स्कूटर इथं असते, फाटक तिकडे घेऊ या का? ती लगेच हो म्हणाली असती. पण मुलींच्या शाळेपुढं स्कूटरची गोष्ट काढायची मला लाज वाटली. मी नकाशा तसाच शाईनं पक्का केला.

बैठक पुढच्या रविवारी दुपारी भरली, धुकं विरून ऊन पडल्यावर. मैदानातच बाजा टाकल्या होत्या. पुरुष बाजांवर, बायका भिंतीच्या कडेनं चटयांवर, ओढण्या कपाळापर्यंत ओढून. भाभी त्यांच्यात होती. भाडेकरूंनी अशा बैठकीत बसायची रीत नव्हती, पण मला मुद्दाम बोलावलं होतं. गावात दोन पत्त्या, म्हणजे दोन भावकी, आणि एका भावकीनं लिहिलेल्या कागदावर दुसरी सही करत नसे. शिवाय ते दिवसच असे होते की कुणी काही बोललं तर आधी तो कोणाचा, कुठल्या धर्माचा, हे तोललं जायचं. पापाजी मला पुढं करत म्हणाले, "हा मराठा आहे. याचं इथं ना कुणी सगं ना वैरी. हा लिहील ते सरळ असेल."

मी बाजेच्या टोकाला बसलो. गुडघ्यावर संमतीचा कोरा कागद. बोलणं पंजाबीत चाललं होतं, मी इथं मराठीत लिहितोय.

"शाळा आणताय, पण मुलं येणार कुठून?" एका म्हाताऱ्यानं सुरुवात केली. "या फिरनीवर पाय ठेवायला जागा नाही." फिरनी म्हणजे गावाला वेढा घालणारी वाट. "हा बघा, याची ट्रॉली दिवाळीपासून माझ्या दारात उभी आहे. तिच्यात पालक उगवलाय!"

"मग तोडून भाजी करा, ताया," ट्रॉलीवाला म्हणाला. ताया म्हणजे थोरले काका. "बियाण्याचे पैसे मागत नाही."

"आणि तुमच्या म्हशी?" तिसरा कुणी. "वाटेत अशा बसतात, जशा काही पंचायत भरवून."

"निदान त्यांच्यात एका वेळी एकच बोलते!" म्हातारा म्हणाला.

सगळे हसले. भिंतीकडून बायकांचंही हसू आलं. मग प्रश्न निघाले. सेक्टरातून रिक्षा येतील, टेम्पो येतील, ते उभे कुठं राहणार? गव्हाच्या हंगामात ट्रॉल्या कुठून वळणार? एक म्हणाला, ट्रॉल्या पलीकडच्या टोकाला लावू. दुसरा म्हणाला, तुझ्या बाजूला का नाही? पण ती भांडणं सुटणारी होती. उन्हात सगळे सैलावले होते, कुणी शेंगा सोलत होतं, नकाशा हातोहात फिरत होता आणि लोक त्यातल्या हातपंपावर बोट ठेवून माना हलवत होते. पापाजी म्हणाले, "गाड्यांचं काय, गाडी ढकलली की सरकते. पोरगी एकदा घरी बसली की बसली." मला वाटतं, तेव्हाच संमती झाली होती.

तेवढ्यात तो ट्रॉलीवाला माझ्याकडे वळला. "बाबूजी, तुम्ही नकाशेवाले. तुम्हीच सांगा. फाटकापाशी जागा पुरेल?"

मी 'पुरेल' म्हणू शकत होतो. 'फाटक तिकडे घेऊ' असंही म्हणू शकत होतो. मी जे म्हणालो ते मी ठरवून म्हणालो नाही, पण शब्द तोंडातून येताना त्यांचं काय होणार हे मला कळत होतं.

"जागा पुरेल," मी म्हणालो. "पण शाळा झाली की बाहेरच्या गाड्या दिवसभर इथं उभ्या राहतील. कुणाची स्कूटर कुठली, कोण सोडून गेलं, हे कोण बघणार? तेही मुलांच्या फाटकापाशी."

शेंगा सोलणारे हात थांबले. गुरुद्वाऱ्यावरच्या निशाणाचं कापड फडफडलेलं ऐकू आलं. ऊन तेच होतं, माणसं तीच, पण जणू सगळ्यांनी एकाच वेळी ते फाटक पाहिलं, तिथं एक स्कूटर पाहिली आणि मुलांची रांग पाहिली. त्या बोलण्याला त्या दिवसांत उत्तर नव्हतं. दुसऱ्या भावकीतल्या कुणी ते म्हटलं असतं तर भांडण पेटलं असतं, आणि भांडणातून शाळा कदाचित वाचली असती. पण बोललो होतो मी, ज्याचा यात काही स्वार्थ नव्हता.

"बाबूजी बरोबर बोलतात," भिंतीकडून एका बाईचा आवाज आला. "माझ्या नाती जाणार तिथं."

पापाजींनी पगडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हालात सुधारू देत. मग बघू." आणि मला म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं. सद्यपरिस्थितीत गाव संमती देऊ शकत नाही. माझं अक्षर फार सुंदर होतं. दोन्ही भावकींनी खाली अंगठे आणि सह्या केल्या. पुढं शाळा दुसऱ्या गावाला गेली.

एवढ्याशा गोष्टीसाठी तोंड उघडायची मला लाज वाटली होती, आणि केवढी मोठी गोष्ट बोलताना वाटली नाही. इतक्या वर्षांत मी हे स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे समजावलं आहे. भीती खोटी नव्हती, असं म्हटलं आहे. खरंच काही झालं असतं तर, असंही. पण त्या क्षणी माझ्या मनात मुलं नव्हती. ब्लेडनं फाडलेली सीट होती.

दोन दिवसांनी भाभी आमच्याकडे आली, सरसोंच्या सागाचं, म्हणजे मोहरीच्या पाल्याच्या भाजीचं, भांडं घेऊन. डोळे सुजलेले होते, पण चेहरा शांत. म्हणाली, "वीरजी, तुम्ही वेळेवर बोललात. मी तर फक्त माझ्या नोकरीचा विचार करत होते. त्या मुलींचं काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं? मला स्वतःचीच शरम वाटते."

मी भांडं घेतलं. साग अजून गरम होता. माझं गप्प राहणं तिला बहुधा मोठेपणा वाटला.

ती गेल्यावर माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. ती मला ओळखून होती, आणि डाळ निवडतानाचं माझं वाक्य तिनं ऐकलं होतं. "अहो," ती शेवटी म्हणाली, "तिला शरम वाटतेय. तिला. तुम्ही जाऊन सांगा. आणि पापाजींनाही सांगा, अजून कागद परत घेता येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेलो. मुली आल्या नव्हत्या. भाभी एकटीच उन्हात बसून विणत होती. दूर टेकड्यांची निळी रेघ दिसत होती, इतकी पुसट की डोळे मिटले तरी तशीच दिसावी. मी म्हणालो, "भाभी, त्या दिवशी मी बोललो ते... माझी स्कूटर तिथं झाडाखाली असते ना..."

तिनं वर पाहिलं आणि हसली, अगदी मोकळेपणानं. "लावा ना, वीरजी! विचारायचं काय त्यात? आता मैदान आपलंच आहे. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांगा."

मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते तयार होतं. सुया टकटक वाजत राहिल्या, ऊन फार छान होतं, आणि मी "शुक्रिया, भाभी" म्हणून जिना उतरलो.

खाली बायको वाट बघत होती. "सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्या दंडाला हलकेच हात लावला. मग तिनं चहा टाकला, आलं किसून, दूध जरा जास्त घालून. मी भाभीला सगळं सांगितलं, असंच ती आजवर धरून चालली आहे. हे मी लिहून झाल्यावर सगळ्यांत आधी तीच वाचेल.