गाडी आली की गोळी

सुशीला नशिबानं गेली न्हाय. माझ्या शहाणपणानं गेली.

सुशीला म्हंजी माझी धाकली जाऊ. आज तिचं श्राद्ध, जाऊन लई वर्षं झाली.
मी चौथी शिकलेली. मोबाईलवर बोलून टाईप करतीय, चुकलं तर समजून घ्या.

आदी आनंदाचं सांगते. सुशीलाच्या लेकीला, आमच्या मीनाला, परवा उमरग्यात मुलगी झाली. मी आजी झाले! नाक डिट्टो सुशीलाचं. सगळ्या गल्लीत जिलेबी वाटली.

तर सांगत काय होते...

मीनाच्या पाठीवर दोन पोरं झाली, तवा नर्सबाईनं सुशीलाला पाळणा लांबवायच्या गोळ्या दिल्या. रोज एक, म्हणाली.

म्या म्हणलं, "रोज? पिशवी वाळून जाईल की गं! भाऊजी घरी असतील तवाच खा."

भाऊजी ट्रकवर. आठ-आठ दिवस हैदराबाद लाईनला.
फाट्यावर त्यांचा हॉर्न वाजला की मी चुलीपासून वरडायचे, "सुशे, गाडी आली, गोळी खा!"
"आक्का, हळू बोला की, मामंजी ऐकतील!"
लई हसायचो आमी.

तरी चौथ्यांदा दिवस गेले. अंगात रक्त कमी. बाळंतपणात रक्त थांबलंच न्हाय. लोहाऱ्याहून जीपमधी मोठ्या दवाखान्याकडं नेलं. दवाखान्याच्या दारात गेली. बाळबी गेलं.

लोक म्हणले, गोळ्यांनी घात केला.
म्याबी मान हलवली.

मीनाला आन तिच्या भावंडांना म्याच वाढवलं. लग्नानंतर तिच्या पर्समधी तसलंच पाकीट दिसलं. चुलीत घालाय निघाले.

"मोठ्याई, थांब! डॉक्टरीणबाईनं बीपी बघून दिल्यात. पिशवी-बिशवी वाळत न्हाय. बंद केल्या की दिवस राहतात. फक्त रोज घ्यायच्या, नवरा घरी असू दे नायतर दुबईत. मधीमधी घेऊन उपेग न्हाय."
"रोजच?"
"व्हय. का गं?"

पाकीट म्या परत तिच्या पर्समधी ठेवलं.

मीनानं गोळ्या बंद केल्या आन थोड्याच महिन्यांत गोड बातमी दिली.

मीना, तू लहानपणापासून विचारतीस, आई कशानं गेली. म्या दर बारीला नशीब म्हणलं. खोटं बोलले. गोळ्यांनी ती गेली न्हाय; माझ्या सल्ल्यानं तिला दिवस गेले, आन त्यातच ती गेली. बाळंतिणीला असलं सांगू नये, कळतंय मला. पर आज न्हाय सांगितलं तर परत धीर व्हायचा न्हाय. तुला रागवायचं तेवढं रागव.

सुशे, उमरग्याला जाऊन तुझ्या नातीला मांडीवर घेऊन आले.
थोरली असून आज तुझ्या पाया पडते.