रंगाखाली गेलेली रेघ

कलकत्त्याला बदली झाली तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "तिथे भाकरीचं पीठ मिळेल ना?" तोफांबद्दल तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. बराकपूरच्या बाजूला नदीकाठी एक कारखाना होता, तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात मी होतो. जुन्या रणगाड्याच्या सांगाड्यावर लांब पल्ल्याची तोफ बसवायची, म्हणजे तिला ओढायला वेगळा ट्रक नको, असं काम आमच्याकडे आलं होतं. त्यातला एक कोपरा माझ्या वाट्याला आला: गोळा भरणाऱ्या जवानाचं आसन. सगळी दुनिया सकाळी सियालदह स्टेशनात उतरायची, तेव्हा मी तिथून उलट्या दिशेच्या रिकाम्या गाडीत बसून एका अनोळखी माणसाच्या बुडाचा विचार करत जात असे.

काम तसं सरळ होतं. तोफ उडाली की तिची नळी दणक्याने दोनेक हात मागे येते आणि पुन्हा जागेवर जाते. त्या वाटेत माणसाचा हात-पाय आला, तर तो गेलाच. आमच्या सुतारांनी गाडीचा पूर्ण मापाचा लाकडी नमुना केला होता. लाकडाची नळी काही मागे येत नाही, म्हणून ती कुठवर येईल ते फळ्यांवर लाल रेघ मारून दाखवलं होतं.

आसनावर बसून पाहायला तोफखान्यातून एक हवालदार आला. तो साताऱ्याकडचा निघाला. मग काय, दर रविवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला. पिठलं-भाकरी बघून त्याचे डोळे भरून येत आणि बायको त्याला आग्रह करकरून वाढी.

बंगालात विश्वकर्मा पूजेला कारखान्याचं लग्नघर होतं. आदल्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून रंगवायची, पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, खिचडी खायची आणि पतंग उडवायचे. आमच्या सुतारांनी मोठ्या भक्तिभावाने लाकडी तोफही रंगवली, फळ्यांसकट, हिरवीगार. मी खिचडी खाता खाता "व्वा" म्हणालो. रेघ रंगाखाली गेली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

चार दिवसांनी हवालदार त्या आसनावर बसला आणि म्हणाला, "साहेब, गोळ्यापत्तोर हात पुरंना. वाईच आत घ्या की."

मी फळ्यांकडे पाहिलं. जागा ऐसपैस होती. नियमाप्रमाणे मूळ नकाशाशी माप ताडायला हवं होतं, पण गाववाल्याचं काम, मी आसन वीतभर आत घेतलं. नव्या ड्रॉइंगवर वळणदार सही ठोकली. माझ्या अक्षराचा मला भारी गर्व होता.

त्या ड्रॉइंगबरहुकूम लोखंडी गाडी तयार झाली. तोफ उडवण्याआधी साखळीने नळी हळूहळू मागे ओढून पाहायची आमची पद्धत होती. हवालदार आसनावर बसायला निघाला आणि थांबला. "पयला मान तुमचा, साहेब. आसन तुमी केलंय."

मी ऐटीत बसलो. मिस्त्री साखळी ओढू लागला. नळीच्या मागच्या टोकाचा लोखंडी ठोकळा बोटाबोटाने माझ्याकडे सरकत आला आणि गुडघ्याला टेकला. मी "थांबा" म्हणालो. कोणीतरी हसलं. हवालदार वाकला, नळी अजून किती यायची बाकी आहे ते त्याने हाताने मोजलं. वीतभराला चार बोटं कमी. मग कोणी हसलं नाही.

पहिले गोळे दुरून दोरी ओढून उडवायचे होते. तेव्हा आसन मिटलेलं असतं, म्हणजे माझी चूक कोणालाच कळली नसती. नंतर त्याच्यावर माणूस बसल्यावरच कळली असती, आणि तो माणूस हा हवालदारच होता.

मी वरिष्ठांना लेखी कळवलं. बोलणी खाल्ली, ती रास्तच होती. आसन मागे गेलं, गोळ्यांची मांडणी पुढे आली. लाकडी नमुन्यावरची रेघ मी सुताराकडून पटाशीने कोरून घेतली, पुढच्या पूजेला रंग बसला तरी दिसावी म्हणून. ती गाडी पुढे सैन्यात गेली की नाही, मला माहीत नाही. माझी लवकरच बदली झाली.

चूक उघडी पडली त्या आठवड्याच्या रविवारी हवालदार येणार नाही असं मला वाटलं होतं. तो वेळेवर आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. मला त्याच्यासमोर बसायची लाज वाटत होती.

बायको म्हणाली, "अहो, भाकरी निवतेय. कुठे बघताय?"

हवालदाराने मांडी घातली होती. मी त्याच्या गुडघ्यांकडे बघत होतो.

"वाढा, वैनी," तो म्हणाला, "साहेबांस्नी आज वाईच उशिरा भूक लागंल."