मी करवली हाय

बेलापूरच्या शाळेत मी नववीला मराठी शिकवायचे, आणि पत्रलेखन हा माझा अगदी हातखंडा विषय. त्या वर्षी मी नवीच टूम काढली. अर्ज वहीत लिहायचा नाही, मला मेल करायचा. "वर्गशिक्षिकेकडे कसली तरी परवानगी मागा. कारण असं लिहा की नाही म्हणता येऊ नये." वर शिष्टाचारही शिकवला: एकदा मेल केला की बाईंच्या मागे लागायचं नाही, उत्तराची वाट बघायची. वर्गशिक्षिकाही मीच होते.

चाळीसेक मेल आले. सीवूड्सच्या टॉवरमधल्या मुलांनी भराभर आज्या मारल्या. एकीने तर एकाच मेलमध्ये दोन्ही आज्यांना पोचवलं. खाडीकाठच्या गावातून येणारी एक अबोल मुलगी होती. तिने लिहिलं होतं, "विषय : तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी घेण्याबाबत. त्या दिवशी माझ्या मोठ्या बहिनीचं लग्न हाय. मी करवली हाय. तरी परवानगी द्यावी."

मी 'बहिनीचं'चं 'बहिणीचे' केलं, दोन्ही 'हाय'चे 'आहे' केले. खाली लिहिलं, "कारण पटण्याजोगे. बोलीभाषा टाळावी. दहापैकी सात." आणि पाठवून दिलं. इतक्या मेलना एकेक करून उत्तर देणारी बाई म्हणून मला माझंच कौतुक वाटत होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तिचा नंबर लागला तेव्हा पावणेबारा झाले होते. तिच्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती.

"कुणाचं लग्न गं?" मी सहज विचारलं.

"बहिनीचं. आज हाय, उरनला. आता लागलं असंल."

"अगं, मग इथे काय करतेस? मला सांगायचं नाही का?"

"मेल केलता ना टीचर." तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "तुमी सात मार्क दिले. सुट्टी दिली असं काय लिवलं नव्हतं. आई बोलली, टीचर हो नाय बोलल्या तर परीक्षा नको बुडवू. करवली मंग आत्याची पोरगी झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माझं सगळं ऐकलं होतं: विषय नीट लिहिला, कारण खरं दिलं, मागे लागली नाही. मी मात्र तीन शब्द सुधारले आणि ती काय मागतेय ते वाचलंच नाही. सीवूड्सच्या पोरांच्या थापा आणि हिचं लग्न मी एकाच मापाने तपासलं होतं.

चुकलं माझं, एवढं म्हणायला काय लागतं? पण शेजारी दुसऱ्या शाळेतून परीक्षक म्हणून आलेल्या बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यादेखत ते माझ्या तोंडून निघेना. मी तिला "बस" म्हटलं आणि पहिला प्रश्न विचारला.