काठी कुठे लागली

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत माझ्या वडिलांना पोलिसाची काठी लागली, ती खांद्यावर. पण लालबागच्या आमच्या चाळीत ती काठी एका जागी राहिली नाही. पहिल्या गणपतीपर्यंत ती मानेवर आली होती आणि शिमग्यापर्यंत डोक्यावर. बाबांनी तिला कधी अडवलं नाही. मागावर उभं राहून कापड विणणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी पुढच्या रांगेत खुर्ची देत होतं. ती खुर्ची खांद्याच्या मारावर मिळत नव्हती.

चाळ समितीचे सचिव दर सभेत त्यांच्याकडे हात करून म्हणायचे, "हे आमचे डोकं फुटलेले कार्यकर्ते." बाबा टोपी काढून पुन्हा घालायचे. टाळ्या पडायच्या. टोपीखाली काय फुटलंय ते बघायला कोणी पुढे आलं नाही.

मग त्यांचं डोकं खरोखर दुखायला लागलं.

दुसऱ्या कुठल्याही घरात अशा माणसाला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्याकडे कौतुक झालं. सकाळी बाबा डोकं धरून बसले की गॅलरीतून जाणारा येणारा हळू आवाजात म्हणायचा, "मार बोलतोय." उलटी झाली तरी मारच बोलत होता. समोरच्या खोलीतल्या काकू ओवाळायचं ताट घेऊन आल्या होत्या एकदा. मी मॅट्रिकला होते, मला त्या ताटाची लाज वाटली, पण बाबांनी डोळे मिटून ओवाळून घेतलं.

पुढे मागावर तुटलेला धागा त्यांना दिसेना. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, ओरडायला लागला. म्हणून मी त्यांना चष्म्यासाठी दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अक्षरं वाचायला लावतील, भिंगं बदलतील, चष्मा घेऊन घरी येऊ, एवढीच माझी कल्पना. त्या डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारून आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चष्म्याचं काही न बोलता आम्हाला परळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे डोक्याचे फोटो निघाले. सर्जननी मला आणि आईला बाजूला बोलावून सांगितलं, मेंदूवर गाठ आहे. काढता येईल, पण लवकर. उशीर केला तर आधी डोळे जातील, मग माणूस.

आईने विचारलं, "काठी लागल्यामुळे?"

"नाही हो. ही आतून वाढलेली गाठ आहे. काठीचा संबंध नाही."

झालं. चाळीला जणू या डॉक्टरनेच काठी मारली. संध्याकाळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सर्जन द्वैभाषिकवाला आहे, वेगळ्या मराठी राज्याच्या विरोधातला, यावर एकमत झालं. सरकारला सांभाळून घेतोय. आज काठी नाकारली, उद्या मोर्चाच झाला नाही म्हणेल. सचिवांनी तर ठरावाचा मसुदाही तोंडी म्हणून दाखवला. मेंदूतल्या गाठीविरुद्ध ठराव करणारी आमचीच चाळ असावी. सचिवांचा एक ओळखीचा डॉक्टर होता, आपल्या विचारांचा. तो काठी मान्य करेल, मग पेपरात बातमी देऊ, मग शिष्टमंडळ नेऊ. बाबांचे डोळे तोवर थांबणार होते की काय, ते कोणी विचारलं नाही.

आणि बाबा मान हलवत होते. "त्या डॉक्टरान आधी काठी कबूल करूची," ते म्हणाले, "मगे डोक्याक हात लावूचो. तोवर मी खंय जाणंय नाय."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. हा माणूस आंधळा व्हायला तयार होता, मरायला तयार होता, पण खुर्ची सोडायला तयार नव्हता.

आई चहा गाळत होती. तिने गाळणं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि सगळ्यांमधून वाट काढत बाबांपाशी आली. चारचौघांत नवऱ्याशी नीट बोलायचीही नाही अशी ती बाई. तिने त्यांना धरून पाठमोरं केलं आणि सदरा मानेपासून खाली ओढला. उजव्या खांद्याच्या मागे, पाठीच्या बाजूला, जुना काळसर वळ होता.

"हय लागली," ती म्हणाली. "हळद मी लावलंय, माका ठावक आसा. डोक्याक कायएक लागूक नाय. मागसून लागली, पळताना."

सचिव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. चहा न घेता एकेक जण उठला. चाळीत चहा सोडून माणसं उठलेली मी तेव्हाच पाहिली. बाबा तसेच पाठमोरे, सदरा खांद्यावर न घेता बसून होते.

ते आईशी बोलेनासे झाले. ताट तिने वाढलं तरी नजर ताटावरच. पण दोनेक दिवसांनी मला म्हणाले, "तुझ्या आवशीक सांग, जातंय म्हणान." आई तिथेच तीन हातांच्या अंतरावर भाकरी थापत होती. मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि पिशवी भरायला घेतली. इस्पितळात डोक्याचे केस काढले तेव्हाही ते तिच्याशी बोलले नाहीत.

गाठ निघाली. डोळे राहिले. पण अलीकडचं बरंच काही पुसलं गेलं होतं. गाव आठवे, गिरणी आठवे, मी आठवे. मोर्चा, सभा, टाळ्या, आमच्या खोलीतली ती संध्याकाळ, यातलं काही नाही. मुख्य म्हणजे आईवरचा राग आठवत नव्हता. ते तिच्याशी पूर्वीसारखे बोलायला लागले.

भेटीच्या वेळी सचिव नारळ घेऊन आले होते. बाबांनी डोक्याचं बँडेज चाचपलं आणि आईला विचारलं, "डोक्याक काय झाला माझ्या?"

आता ती गाठ म्हणेल, असं मला वाटलं. सचिवांनाही वाटलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

आई चादर सारखी करत होती. "काठी लागली," ती म्हणाली. "मोर्च्यात."

"पोलिसाची?"

"व्हय."

मग बाबांनी हळूच विचारलं, "मी पळालंय काय?"

"नाय," आई म्हणाली. "तुमी उभे रवलात."