अकरा वीसचा लिफाफा

समोर माणूस आला की मी त्याचे श्वास मोजते. ही सवय काही केल्या जात नाही. लग्नात पंगतीला बसलेले, रिक्षाची वाट बघत उभे असलेले, गारखेड्यात आमच्या गल्लीत भाजीची गाडी आणणारे मामा, सगळ्यांचे मोजते. मिनिटाला सोळा-अठरा भरले की मी पुढं बघते. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर दम लागायचीसुद्धा सोय नाही. जिना चढून आला की तो दाराबाहेर थांबतो, श्वास खाली बसू देतो आणि मगच बेल वाजवतो, हे मला माहीत आहे.

मी होमिओपॅथीची डॉक्टर. दवाखाना थाटला, दोन वर्षं माशा मारल्या आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात नोकरीला लागले. आई अजून सांगत असते, पोरगी डॉक्टर झाली आणि कागद सांभाळते. खोटं नाही. नव्या उपचारांच्या चाचण्या चालायच्या. त्यांत कुणाला घ्यायचं तर आधी त्याला आणि घरच्यांना सगळं समजावायचं, सह्या घ्यायच्या, नोंदी ठेवायच्या. नोंदीत खाडाखोड चालत नसे. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. अशा रेघा मारण्यात माझा हात चांगला बसला होता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडं रक्तातला ऑक्सिजन कमी झालेल्यांसाठी एक चाचणी सुरू झाली. एका गटाला नेहमीचा मास्क, दुसऱ्याला नाकातून जोरात गरम, ओलसर ऑक्सिजन सोडणारं मशीन. कुणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नसत आणि मीही नाही. माझ्या खणात क्रमांक टाकलेले जाड तपकिरी लिफाफे असत, उजेडात धरले तरी आतलं दिसणार नाही असे. आत चिठ्ठी, मशीन किंवा मास्क. ज्याच्या कागदावर आधी सही, त्याला पुढचा लिफाफा. फोडण्याआधी वर वेळ टाकायची, रुग्णाचं नाव लिहायचं, सही करायची. मी प्रत्येकाला सांगायचे की दोन्हींत चांगलं कोणतं हे आम्हालाच माहीत नाही, म्हणून तर ही चाचणी. हे अगदी खरं होतं. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, पण मशीन मिळंल ना?

त्या दिवशी शेजारशेजारच्या खाटांवरचे दोघं चाचणीत बसत होते. एक खुलताबादचे निवृत्त मास्तर. दुसरे त्यांच्याहून वयानं मोठे, चितेगावच्या कारखान्यात जन्म काढून आता शेती बघणारे. दोघंही शुद्धीवर होते, आत दोघांनीही मला होकार दिला होता. राहिली होती ती घरच्यांची सही. बाहेर व्हरांड्यात मास्तरांचा मुलगा होता, पस्तिशीचा, दर्ग्याजवळ फुलांचं दुकान चालवणारा. आणि चितेगावच्या त्या काकांची बायको. दोन दिवस दोघांनी एकच बाकडं वाटून घेतलं होतं. तो तिला पाणी आणून द्यायचा, ती त्याला फडक्यातली भाकरी द्यायची. तो तिला मावशी म्हणायला लागला होता.

मुलानं आधी सही केली. मी लिफाफा पॅडवर ठेवला आणि वेळ टाकली, अकरा वाजून वीस मिनिटं. मग नावासाठी पेन खाली टेकवलं. तेवढ्यात त्याचं लक्ष मावशींकडं गेलं. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे पाय कापत होते.

"मॅडम, पहिले मावशींचं करा," तो म्हणाला. "कवाच्या उभ्या हायत. काका बी आमच्या अब्बांपेक्षा मोठे हायत."

आमच्याकडं ही रीतच आहे. दारातून आत जायचं असो, हात धुवायचे असोत की पहिला घास, मोठ्यांच्या आधी कुणी पुढं होत नाही. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, यात ताटातलं गार होतं. मी याच रीतीत वाढले. आणि तेव्हा गावभर लोक खाटेसाठी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. हा माणूस मात्र आपला नंबर दुसऱ्याला देत होता. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. नियम मला पाठ होता आणि तरी तो मला आठवला नाही.

मावशींना समजावलं, त्यांनी अकरा पस्तीसला सही केली. अकरा वीस लिहिलेल्या लिफाफ्यावर मी काकांचं नाव घातलं आणि फोडला. मशीन. मावशींनी तो रिकामा लिफाफा कपाळाला लावला. त्यानंतरचा मास्तरांच्या नावानं फोडला. मास्क.

मुलगा म्हणाला, चला, काकांचं झालं. आणि आपला कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

मास्तर तीन दिवस बरे होते. मला खिडकीतून हात करायचे. चौथ्या दिवशी बोटावरच्या यंत्रातला आकडा उतरायला लागला. नव्वद, सत्याऐंशी, ऐंशी. मग जे करायचं ते सगळं झालं, व्हेंटिलेटरही लागला. चाचणीत असल्यामुळं काही अडलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. नवव्या दिवशी ते गेले. काका बाराव्या दिवशी स्वतःच्या पायानं चालत बाहेर आले.

पुढं कागद तपासायला बाहेरचा अधिकारी आला. त्यानं लिफाफा वर धरला आणि विचारलं, सही अकरा पस्तीसची आणि लिफाफा अकरा वीसला कसा फुटला? मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे पक्षपात झाला नाही, अभ्यासाला काही धक्का नाही, असं म्हणाले. वेळ चुकून लिहिली म्हण आणि रेघ मार. मी अकरा वीसवर रेघ मारली, वर अकरा सदतीस लिहिलं, सही केली. चूक वेळेत नव्हती, नावात होती. तिच्यावर रेघ मारायला कुणी सांगितलं नाही.

त्या मशीननं मास्तर वाचले असते का? मला माहीत नाही. मी लोकांना रोज सांगायचे की कुणालाच माहीत नाही, आणि ते वाक्य आता मलाच ऐकावं लागतं. वर्षभरात मी नोकरी सोडली. पाहुणे आले आणि वेरूळला निघाले की माझं डोकं दुखायला लागायचं, कारण वाटेत खुलताबाद लागतं.

मागच्या दिवाळीआधी नणंद ऐकेना. वेरूळहून परतताना तिनं खुलताबादला गाडी थांबवली. तिला दर्ग्यात चादर चढवायची होती. मी फुलांचा भाव विचारला आणि दुकानातला माणूस हातातला हार तसाच धरून थांबला. त्यानं मला मास्कशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. आवाजावरून ओळखलं.

त्यानं आम्हाला आत घेतलं, खुर्ची दिली. नणंद चादर घेऊन पुढं गेली. तो सांगत होता, काका ठणठणीत आहेत, दर ईदला फोन करतात, मावशी संक्रांतीला तीळगूळ पाठवतात. मी ऐकत होते. आज सांगायचंच, असं ठरवलं. तेवढ्यात त्यानं आतल्या पडद्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, त्या लिफाफ्यावर तुम्ही टाइम टाकला होता. नाव लिहायला पेन टेकला होता. मी बघितलं होतं." मग म्हणाला, "अम्मीला म्हायती नाय. सांगू बी नका."

इतकी वर्षं मी समजत होते की हे माझ्या एकटीकडं आहे. मला लाज वाटली. माझी चूक हा माणूस फुलं ओवत रोज वागवत होता, आणि मी त्याच्या गावाचा रस्ता चुकवत फिरत होते.

मी म्हणाले, "चूक तुमची नाही. सही तुमची आधी होती, लिफाफा तुमचा होता. तुम्ही काहीही म्हणालात तरी मी नाही म्हणायला पाहिजे होतं. नियम मला माहीत होता, तुम्हाला नव्हता."

त्यानं ऐकून घेतलं. हाराची गाठ मारली, दोरा तोडला.

"काका दरसाल हुरड्याला बोलवत्यात," तो म्हणाला. "जातो मी. समोर बसून पोटभर हसत्यात. तवा मी काय म्हणू? चुकलं म्हणू?"

पडदा हलला आणि त्याची आई बाहेर आली, हातात चहाचे दोन कप. कोण आहे, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, अब्बांच्या वक्ताच्या मॅडम. तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग मुलाच्या पुढं केलेला कप मागं घेऊन माझ्यासमोर धरला.

"पहले तुम लेओ, बेटा," ती म्हणाली.

तो खाली बघत होता. मी कप घेतला.