अमुककाका

पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली की बाकीची माणसं कपाळाला हात लावतात. अमुककाका हात जोडायचे. खुर्चीवर मांडी घातलेली, अंगावर उपरणं, कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध, आणि समोर आमच्यापैकी कुणाचा तरी आडवा पडलेला प्रोग्राम. "वा! आधीच सांगितलं बघ," म्हणून ते पडद्याला नमस्कार करायचे. "आधी सांगतो तो आपला. नंतर सांगणारे पुष्कळ भेटतील."

काका वाईचे. सकाळी पौरोहित्य, दुपारी घाटाजवळच्या एका खोलीत संगणकाचा वर्ग. तरुणपणी पुण्यात प्रोग्रामरची नोकरी केलेली, पण वडील थकले आणि यजमानांच्या घरचे फोन यांच्याकडे यायला लागले, तेव्हा परत आले. स्कूटरच्या डिकीत दर्भ, पळी-पंचपात्र आणि लॅपटॉप एकत्र नांदायचे. एका सत्यनारायणाला त्यांनी पिशवीतून पोथी म्हणून चार्जर काढून पाटावर ठेवला. तो परत उचलायच्या आत यजमानीणबाईंनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. काकांनी तो तसाच आणून वर्गात लावला. "आता हा कधी बिघडायचा नाही," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात बिघडला, ते सोडा.

त्यांचं खरं नाव आम्ही कुणी घेतच नसू. नावाची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. संकल्पाच्या पोथीत 'अमुक गोत्र, अमुक नाव' असं छापलेलं असतं. तिथं समोर बसलेल्या माणसाचं गोत्र आणि नाव घ्यायचं असतं. मुंज नुकती झालेली असताना वडिलांनी त्यांना पहिल्यांदा एकट्याला पूजेला पाठवलं. यजमान म्हणजे फौजेतून रिटायर झालेले एक सुभेदार. घाबरलेल्या या छोट्या भटजींनी छापलंय तसं खड्या आवाजात वाचलं, अमुक गोत्र, अमुक नाव. सुभेदार ताडकन म्हणाले, "आवं भटजी, ह्यो अमुक कोन? पाटावर तर मी बसलोय!" संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या घाटावर पोचली होती. तेव्हापासून ते अमुक.

मी आटपाडीकडचा. घरची मेंढरं. चाऱ्यासाठी कृष्णेच्या बाजूला उतरायचं आणि शाळा मागं राहायची, असं दर वर्षीचं. दहावी अर्ध्यावर सुटली ती सुटलीच. वाईत झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागलो, तिथं काका वर्गाची पानं काढायला यायचे. एकदा त्यातलं एक पान मी वाचत उभा राहिलो. काकांनी बघितलं. म्हणाले, "कळलं का काही?" मी म्हणालो, "न्हाई." "मग वाचत का होतास?" "कळंल असं वाटलं." "ये दुपारी," एवढंच बोलले. फी विचारली तर म्हणाले, "खंडेनवमीला तुझं हत्यार घेऊन ये."

पण मला मुदत होती. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, माझा मामा कोइमतूरला आहे. त्यानं फोनवर निकाल दिला होता. "दिवाळीला गावाकडं येतोय. तवर काय ते करून दाव. न्हाई झालं तर गुमान माझ्यासंगं चल. भट्टीपाशी मानूस लागतोयच." मामाचं चुकत नव्हतं. मला मात्र भट्टीची धग आठवली तरी घाम फुटायचा, आणि वर्गातलं ते पान सोडवत नव्हतं.

वर्गात माझी गाडी अडली ती अॅबस्ट्रॅक्ट क्लासवर. क्लास म्हणजे वस्तू बनवायचा साचा. तो लिहायचा, पण त्यापासून थेट वस्तू बनवायची नाही, हे कसलं शास्त्र? काकांनी पोथीच उघडली. "हे बघ. आचमन कसं, दिवा कधी, कलश कुठं, सगळा क्रम लिहून तयार आहे. फक्त काही जागा राखून ठेवल्यात. त्या प्रत्येकानं आपापल्या भरायच्या. न भरता पूजा होत नाही. आणि नुसत्या अमुकाला पाटावर बसवता येत नाही, ते मी बसवून बघितलंय."

मी विचारलं, "आवं काका, पन आमाला आमचं गोत्रच ठावं न्हाई."

"मग काश्यप! ती सोय कधीचीच करून ठेवलीय. माहीत नसेल त्यानं काश्यप म्हणावं. क्लासातसुद्धा असं एखादं उत्तर आधीच भरून ठेवता येतं. तुझं वेगळं असेल तर तू बदल, नाहीतर हे चालू दे." मग खुशीत मांडीवर थाप मारली. "म्हणजे बिरदेवा, तू आता काश्यप."

खंडेनवमीला मी वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं कातरायची कातर घेऊन गेलो. एका ताईनं शिलाई मशीनचा बॉबिन आणला होता, एकानं पान्हा, एकानं पेनच. सगळं संगणकांशेजारी मांडलं. काका म्हणाले, "हत्याराला हळदकुंकू लावा." ज्यानं त्यानं लावलं. मी पात्याला न लावता मुठीला लावलं, आबा तसंच लावतात. काका लगेच वळले. "बघितलंत? मी एकच वाक्य बोललो. कातर आहे का पान्हा, मी विचारलं नाही. ज्याचं त्यानं आपल्या रीतीनं केलं. याचं इंग्रजी नाव पॉलिमॉर्फिझम. ते पाठ करा, पण पूजा आधी समजा."

दसरा झाल्यावर सांगलीच्या एका लहान कंपनीत परीक्षा होती. काकांनीच नाव पाठवलेलं. त्या दिवशी त्यांची आष्ट्याला वास्तुशांत होती, म्हणून एकाच एस्टीनं निघालो. कराड मागं पडलं तसा मी वर्गाची पानं पुन्हा पुन्हा चाळायला लागलो. शेवटी बोललो, "काका, तिथं समदे पदवीवाले असनार. मला बघून हाकलतील."

काका खिडकीतून ऊस बघत होते. "त्यांना प्रोग्रामर हवाय. नुसता प्रोग्रामर कुठल्या आईच्या पोटी जन्मत नाही रे. कुणी कॉलेजातून येतो, कुणी मेंढरांमागून येतो. ते एकच म्हणणार, चालवून दाखव. तू तुझ्या रीतीनं दाखव. फक्त कबूल केलेलं एकही काम कोरं ठेवू नकोस." आष्ट्याला उतरताना त्यांनी प्रसादाचा नारळ माझ्या मांडीवर टाकला. वास्तुशांत व्हायच्या आधीच प्रसाद! "उसना घेतलाय," म्हणाले आणि पिशवी सांभाळत उतरले.

परीक्षेत उसाच्या कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम लिहायचा होता. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी येणार, प्रत्येकाचं वजन आणि रिकामं करायची रीत वेगळी. 'वाहन' हा अॅबस्ट्रॅक्ट क्लास मी नीट लिहिला, खालचे तिन्ही क्लास लिहिले. मग घाईत काट्यावर मी थेट 'वाहन'च उभं केलं. पडदा लाल. आणि मला सुभेदार दिसले. ह्यो अमुक कोन? मला हसूच फुटलं. खोलीत सगळे वळून बघायला लागले.

परीक्षा घेणाऱ्या मॅडम जवळ आल्या. "चूक आल्यावर हसताय?"

लपवून काय उपयोग. मी सगळं सांगितलं, पोथी, मुंज, सुभेदार. मॅडम तोंडावर हात धरून हसल्या. "आणि हे गुरुजी अजून पूजा सांगतात?"

"सांगत्यात की. आत्ता आष्ट्यात हायती."

"मग काट्यावर कुणाला आणताय?"

मी 'वाहन' खोडून बैलगाडी आणली, तिच्यामागं ट्रॅक्टर, मग ट्रक. तिघांना एकच हुकूम, रिकामी हो. तिघं आपापल्या रीतीनं रिकामे झाले. मॅडमनी शिक्षण विचारलं, मी "नववी पास" म्हणालो आणि खाली बघितलं. त्यांनी पडद्याकडं बघितलं. "सोमवारी या."

परतताना आष्ट्याच्या स्टँडवर काका थांबलेच होते. मी एस्टीच्या खिडकीतून नुसता नारळ वर धरला. त्यांनी तिथंच, पोरं, फळवाले, कंडक्टर सगळ्यांसमोर, एस्टीला हात जोडले.

सांगलीत काही वर्षं काढली, मग कंपनीनं दुसऱ्या गावी पाठवलं. कुठं? कोइमतूरला! मामा स्टेशनावर घ्यायला आला आणि पिशवी काढून घेत म्हणाला, "शेवटी आलासच न्हवं?" तेव्हापासून दर रविवारी माझ्या खोलीवर जेवतो आणि भट्टीकडं बोलावत नाही. माझी भीती मात्र गेलेली नाही. सकाळी मेल उघडताना अजून बोटं गार पडतात. लाल अक्षरं आली की नकळत हात जुळतात, ऑफिसात शेजारी बसणारा पोरगाही आता जोडायला लागलाय.

यंदा खंडेनवमीला लॅपटॉपशेजारी आबांची कातर मांडून मी काकांना फोन लावला. आवाज थकलाय, पण घाई तीच. "थांब, संकल्प सोडू. तिथली नदी कुठली?"

"ठावं न्हाई, काका. इथल्या नदीवर कवा गेलोच न्हाई."

"अरे, मग अमुक नदीच्या तीरावर म्हणू का? खाली जा, विचारून ये. मी फोन धरतो."

अनवाणी जिना उतरलो. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये चहावाल्याला विचारलं. त्यानं मला वर-खाली बघितलं आणि सांगितलं, नोय्यल. धापा टाकत वर आलो. काका फोनवर होते. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, नोय्यल नदीच्या तीरावर, काश्यप गोत्रात जन्मलेला, बिरदेव नावाचा.

मी कातरीच्या मुठीला हळद लावत कान देऊन ऐकत होतो. एकही जागा त्यांनी कोरी ठेवली नाही.